मराठीसाठी वेबसाइट बनवायचं नवं ओपन सोर्स टूल लिहावं का?

निळा कंदील: ऑफिस सुटल्यावर आम्ही दोघं नागपूरच्या धरमपेठेत बसून वेबसाइट बनवायचं आणि चालवायचं एक ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेलं) टूल लिहून राहिलो. सुरुवात महाल भागातल्या एका वाचनालयामुळे झाली. त्यांची साइट वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट चालवायच्या तयार सॉफ्टवेअरवर. यादीत ‘ॲटलास’ होतं, वाचकानं ‘अॅटलास’ टाइप केलं, तर काहीच सापडलं नाही. दिसायला दोन्ही सारखेच. पण एकात ‘ॲ’ हे सलग अक्षर आहे, दुसऱ्यात ‘अ’ आणि वरचा चंद्र वेगवेगळे. कॉम्प्युटरच्या लेखी दोन निराळे शब्द.

दुसरं दुखणं लिंकचं. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) 3 बाइट घेतं, लिंकमध्ये त्याची 9 अक्षरं होतात. वर्डप्रेसमध्ये पोस्टच्या पत्त्याला जागा 200 अक्षरांची. म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम 22 चिन्हं! मराठी शीर्षक मध्येच तुटतं. पहिल्या ओळीपासून मराठी डोक्यात ठेवून लिहिलेलं टूल हवंच, असं माझं ठाम मत आहे.

बर्डीचा कोडर: माझा विरोध आहे. दुखणं खरं, पण त्यासाठी अख्खं टूल कशाला? शोधाआधी ‘अॅ’चा ‘ॲ’ करणारं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम, लिहा, चार दिवसांचं काम. लिंक रोमनमध्ये द्या.

टूल लिहिणं सोपं, सांभाळणं कठीण. ऑक्टोबर 2014 मध्ये ड्रुपल 7 या वर्डप्रेससारख्याच टूलमध्ये एसक्यूएल इंजेक्शनचं (बाहेरून डेटाबेसला हुकूम देता येण्याचं) भोक सापडलं. घोषणेनंतर 7 तासांत पॅच (दुरुस्तीचा कोड) लावला नसेल तर साइट हॅक झाली असंच समजा, असं त्यांच्याच सिक्युरिटी टीमनं सांगितलं होतं. तिथे निदान टीम होती. तुम्ही दोघं. एक आजारी, दुसरा लग्नाला अमरावतीला, तेव्हा पॅच कोण देईल?

निळा कंदील: म्हणूनच आम्ही डेटाबेस ठेवलाच नाही. मजकूर फायलींत, त्यातून साधी एचटीएमएल पानं तयार होतात. सर्व्हरवर फोडायला फार काही उरत नाही. आणि रोमन लिंक द्या, हे मला पटत नाही. मराठी वाचनालयानं आपल्याच पानाचा पत्ता रोमनमध्ये का लिहावा? राहिला प्रश्न आमच्यानंतरचा. बी2 या ब्लॉग टूलच्या मूळ लेखकाचं काम थांबलं, तेव्हा 2003 मध्ये त्याच कोडवरून वर्डप्रेस उभं राहिलं. जीपीएल, म्हणजे कोड कोणालाही घेऊन बदलू देणारा परवाना, होता म्हणून.

बर्डीचा कोडर: बी2 वापरणारे लोक होते, म्हणून कोणीतरी ते उचललं. तुमचं वापरणारं एक वाचनालय.

पुस्तकवाली ताई: मी अशाच एका वाचनालयात काम करते, म्हणून बोलते. आमची साइट ज्यानं बनवली तो आता फोन उचलत नाही. प्लगइन अपडेट केलं की पान वाकडं होतं, म्हणून अपडेट करायलाच भीती वाटते. तुमच्या फायली छान, पण ‘उद्या वाचनालय बंद’ ही नोटीस मोबाइलवरून मी एकटीनं कशी टाकायची? ते जमत नसेल तर टूल कोणाचंही असो, मला काय कामाचं?

निळा कंदील: ताई, ते अजून जमत नाही. सध्या नोटीस आम्हीच टाकतो. आता आधी मोबाइलचा फॉर्म करतो, बाकी सगळं थांबवतो.

बर्डीचा कोडर: टूलबद्दल माझं मत तेच आहे. पण शोधाचा भाग वेगळी लायब्ररी (कुठल्याही टूलला जोडता येणारा कोड) म्हणून काढा, वर्डप्रेसवाल्यांनाही वापरता येईल. तेवढ्यासाठी रविवारी येतो. ‘ऱ्या’चं पण पाहावं लागेल, तो ‘र’ही दोन तऱ्हांनी टाइप होतो.