पिकअपचं ॲव्हरेज वाढवायला काय काय लावलं? आपापले अनुभव सांगा

जालना, सळई आणि किरकोळ भाडी

मोंढ्यात गाडी लावून टपरीवर टेकलं की एकच विषय निघतो, तुझी किती देते? कोणी बारा म्हणतो, कोणी सतरा. सतरावाल्याला कशी मोजली विचारलं की तो चहा संपवून उठतो.

मी चुंबक लावला होता. अठराशे रुपये. डिझेलच्या पाइपला दोन्ही बाजूंनी चिकटवायच्या दोन काळ्या पट्ट्या. विकणारा म्हणाला, डिझेलचे कण सुटे होतात अन् पूर्ण जळतात. लावायच्या आधी ५२२ किलोमीटरला ४५ लिटर गेलं होतं, म्हणजे ११.६. लावल्यावर ५५० ला ४४, म्हणजे साडेबारा. दोन दिवस मी अख्ख्या मोंढ्याला सांगत फिरलो. मग बिलबुक चाळताना दिसलं, आधीच्या आठवड्यात सगळ्या खेपा सळयांच्या होत्या अन् नंतरच्या आठवड्यात दोनदा रिकामा परत आलो होतो. चुंबक काढला, तसल्याच हलक्या खेपांवर परत मोजलं. ४९६ किलोमीटर, ४० लिटर. १२.४. चुंबक सध्या मिस्त्रीकडं आहे, गाडीखाली पडलेले नट गोळा करायला.

तुम्ही काय लावलं, काय निघालं ते लिहा. टाकी गच्च ते टाकी गच्च मोजलेलं पाहिजे, शक्यतो त्याच पंपावर, आणि माल काय होता तेही सांगा.

वसमत, हळद

माझं दुखणं मोठं आहे. चौदा हजारांचं हायड्रोजन किट बसवलं. बॉनेटखाली एक डबा, त्यात पाणी आणि कसलीशी पांढरी पावडर, बॅटरीची वायर, अन् डब्यातून एक नळी हवेच्या पाइपात. किल्ली फिरवली की डब्यात बुडबुडे. दिसायला एवढं झकास की मी बॉनेट उघडून पोरांना दाखवायचो.

भाचा नांदेडला पॉलिटेक्निकला आहे. त्यानं वायरीवर मीटर लावला, २० अँपियर. म्हणला, "मामा, चौदा व्होल्ट गुणिले वीस, २८० वॅट झाले. ते अल्टरनेटर देतो. अल्टरनेटरला कोण फिरवतं? इंजिन. इंजिनला काय लागतं? डिझेल." अल्टरनेटरमध्ये थोडं वाया, डब्यात थोडं वाया, अन् उरलेला गॅस इंजिनात जाळला की त्यातलाही मोठा भाग सायलेन्सरातून अन् रेडिएटरातून उष्णता होऊन बाहेर. म्हणजे विहिरीतलं पाणी मोटरीनं वर काढायचं, त्या पाण्यावर चक्की फिरवायची अन् म्हणायचं आता हीच चक्की मोटर चालवील.

मी विचारलं, पण न जळालेलं डिझेल तरी जळत असंल ना? तर म्हणे धड चालणाऱ्या इंजिनात शंभरातलं अठ्ठ्याण्णवच्या वर डिझेल जळतंच. जे जळतच आहे ते अजून काय जाळणार?

किट काढलं. माझं मोजमाप कच्चं होतं, त्यामुळं आकडा देत नाही. बॅटरी मात्र त्याच वर्षी बसली.

लातूर

साडेतीनशेला ऑनलाइन एक चिप मिळाली, स्टेअरिंगखालच्या स्कॅनरच्या सॉकेटात खोचायची. हिरवा दिवा लुकलुकतो. महिनाभर फरक पडेना तेव्हा स्क्रू ड्रायव्हरनं फोडली. आत दिवा, दिव्यापुरतं सर्किट, बस्स. गाडीशी बोलणाऱ्या पिनांना वायरच जोडलेली नव्हती! अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं आजवर असली शंभराच्या वर साधनं तपासली, त्यात लक्षात येण्याजोगा फायदा देणारं काही सापडलं नाही, हे मी फोडून झाल्यावर वाचलं.

बीड, एसटीतून निवृत्त, आता स्वतःचं गॅरेज

लावायचं नंतर बघा, आधी काय अडकलंय ते बघा. एसटीत आमचा हिशेब दहा लिटरला किती किलोमीटर असा असायचा, आणि आकडा पडला की आम्ही पहिल्यांदा चाकाला हात लावायचो.

मागच्या महिन्यात एक पोरगा पिकअप घेऊन आला. नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारं तोंड, बदलू का, म्हणला. मी म्हणलं, थांब. दहा किलोमीटर चालवून आणायला लावली, येताना ब्रेक कमी मार सांगितलं. आल्यावर चारी चाकांवर तांब्यानं पाणी टाकलं. तीन चाकांवरून पाणी गपचूप ओघळलं, मागच्या डाव्या ड्रमवर चर्रर्र झालं अन् वाफ निघाली. ब्रेकचे लायनर ड्रमला धरून बसलेले. हँडब्रेकची केबल गंजून आखडलेली. जॅकवर घेऊन चाक हातानं फिरवलं तर अर्धा फेरासुद्धा जाईना. केबल बदलली, ड्रम साफ केला. नोझलला हातही लावला नाही.

दुसरं, काळा धूर येतो अन् गाडी ओढत नाही, असं असलं तर टर्बोपासून (इंजिनात हवा रेटणारा पंखा) इंटरकूलरला (ती हवा थंड करणारी जाळी) जाणारा रबरी पाइप बघा. क्लिपपाशी तेलकट ओल दिसली की तिथून हवा सुटतीय. तिसरं, हवा थंड टायरात भरायची.

आणि मांजरसुंब्याचा घाट न्यूट्रलमध्ये उतरवणारे महाभाग, ऐका. आताच्या कॉमनरेल, म्हणजे कॉम्प्युटरनं डिझेल सोडणाऱ्या इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. म्हणजे डिझेलही घालवता अन् ब्रेकही तापवता.

आष्टी, दूध

गाडी हे चालवतात, हिशेब मी ठेवते. महिन्याला ३१२ लिटर डिझेल लागायचं, तेच गाव, तेच कॅन. कुणीतरी डिझेलमध्ये टाकायची बाटली दिली, ती तीन महिने टाकली, ३१०, ३१४, ३११. मग एक दिवस मी सोबत गेले. चौदा ठिकाणी थांबे, प्रत्येक ठिकाणी माप, फॅट, पावती, आणि गाडी चालूच. "बंद का करत नाही?" तर म्हणाले, "बॅटरी कमजोर आहे, बंद केली तर धक्का मारायला तू उतरशील का?" नवी बॅटरी घेतली. पुढच्या महिन्यात २७० लिटर. दोन महिन्यांत बॅटरीचे पैसे निघाले. एक वर्षापासून हे सांगत नव्हते, का, तर बॅटरीचा खर्च मी नाही म्हणेन म्हणून.

परभणी

बाटलीला नावं ठेवू नका. माझ्या गाडीचं नोझल कचऱ्यानं भरलं होतं, क्लीनर टाकल्यावर आवाज बसला आणि ॲव्हरेज एकानं वाढलं. टाकी ते टाकी मोजलंय.

बीड, गॅरेज

परभणीकर, घाण नोझल साफ झालं तर मूळचं ॲव्हरेज परत येतं, ते मान्य. साफ नोझलवर वर्षभर बाटल्या ओतल्या तर काही वाढत नाही. आष्टीच्या ताईंनी तीन महिने मोजून दाखवलंच की.

छत्रपती संभाजीनगर, भाजीपाला

मी लावलेल्यांपैकी एकच वस्तू कामाची निघाली, केबिनवरचा पत्र्याचा डिफ्लेक्टर. क्रेट केबिनच्या वर दीड-दोन फूट जातात, त्या सपाट तोंडावर वारा आपटतो. डिफ्लेक्टर लावून आणि ताडपत्री फडफडणार नाही अशी ताणून बांधून समृद्धीवर ११ चे पावणेबारा झाले. पैठणच्या गावरस्त्यांवर शून्य फरक, तिथं चाळीसच्या वर जातंय कोण!

पण खरी गंमत पुढं आहे. समृद्धीवर मालगाडीला ८० ची मर्यादा आहे, मी काट्यावर ८० नेच जायचो. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो, ६० पेक्षा ८० ला पावणेदोन पट. भाव फार चढा नसेल तेव्हा ६५ नं गेलो तर डिफ्लेक्टरपेक्षा जास्त वाचलं, आणि ते फुकट.

जालना, सळई आणि किरकोळ भाडी

भाऊ, डिफ्लेक्टरला आरटीओचं काही? आणि सळया केबिनवरून पुढं काढाव्या लागतात तेव्हा काय करता?

छत्रपती संभाजीनगर, भाजीपाला

मूळ गाडीत बदल करायचा तर कायद्याचं कलम ५२ आहे, म्हणून मी केबिनला भोकं पाडली नाहीत, वेल्डिंगही नाही. तरी आधी आरटीओत विचारून घ्या. माझा हौद्याच्या पुढच्या जाळीला चार क्लॅम्पवर आहे. १३ चा पाना घेऊन पंधरा मिनिटांत निघतो. सळई भरायची असंल तर काढूनच ठेवा, नाहीतर पहिल्याच खेपेत चेपंल.