परजीवी, परोपजीवी की आणखी काही?

प्रश्न: मेगाफ्रॅग्मा या प्रजातीबद्दल मराठीत लिहितोय. या कीटकांना ‘परजीवी’ म्हणावं की ‘परोपजीवी’? शिवाय जेमतेम ०.२ मिलिमीटरच्या जिवाला ‘गांधीलमाशी’ म्हणायला जीभ रेटत नाही.

– दोन्ही शब्द एकाच अर्थाने चालतात. शेतीविषयक लिखाणात ‘परोपजीवी कीटक’ जास्त आढळतो. अडचण वेगळीच आहे. ऊ, गोचीड, जंत हेही परोपजीवीच, पण ते आपल्या पोशिंद्याला सहसा जिवे मारत नाहीत. मेगाफ्रॅग्माची मादी फुलकिड्याच्या अंड्यात अंडं घालते आणि आतली अळी ते अंडं खाऊन फस्त करते. फुलकिडा जन्मालाच येत नाही! हा फरक दाखवायला कीटकशास्त्रज्ञ रॉयटर यांनी १९१३ मध्ये ‘पॅरासिटॉइड’ ही संज्ञा आणली.

– मग ‘परजीवीसम’?

– फारच मवाळ. ‘परजीवीघातक’ तर मुळीच नको, जंतांचं औषध वाटतं. ‘यजमानघाती’, म्हणजे पोशिंद्याला मारणारा, अर्थाला चोख आहे, पण रहस्यकथेचं नाव शोभेल. मी पहिल्यांदा ‘यजमानघाती परजीवी’ लिहीन, पुढे नुसतं ‘परजीवी’.

– आपल्याकडे भृंगकीटन्याय आहेच की. कोंडलेली अळी भृंगाचं ध्यान करता करता भृंगच होते म्हणतात.

– ध्यान कसलं, तिला भृंगाची अळी खात असते! पण तो न्याय इथे लावू नका. त्यातला भृंग म्हणजे कुंभारीण, मातीचं घरटं बांधणारी गांधीलमाशी. ती अळ्यांना डंख मारून लुळं करते आणि घरट्यात साठवते, म्हणजे ती शिकारी. मेगाफ्रॅग्मा काहीच वाहून नेत नाही, अंडं जिथे आहे तिथेच काम उरकते.

– ‘गांधीलमाशी’बद्दल: कुळ दाखवायला एकदा ‘गांधीलमाशीच्या गणातला कीटक’ म्हणा, नंतर सरळ ‘मेगाफ्रॅग्मा’. हे नाव कीटकशास्त्रज्ञ टिंबरलेक यांनी १९२४ मध्ये दिलं. ग्रीक ‘फ्रॅग्मा’ म्हणजे पडदा, आड. इथे छातीतला, स्नायूंना आधार देणारा आतला पडदा. म्हणजे ‘मेगा’ त्या पडद्यापुरतं, अंगाला नव्हे. पंख तर पिसासारखे, कडेला लांब केसांची झालर.

– मेंदूचंही लिहा. यातल्या एका जातीत चेतापेशी सुमारे ७,४०० आणि प्रौढपणी त्यातल्या बहुतेकींत केंद्रकच उरत नाही. कीटकशास्त्रज्ञ पोलिलोव यांनी २०१२ मध्ये हे दाखवलं. फक्त तिथे ‘केंद्रकहीन’ लिहा, ‘मृत’ नको. तेवढ्या मेंदूवर ती उडते आणि फुलकिड्याची अंडीही शोधते.