मदत हवी आहे: कॉफीच्या अर्ध्या मळ्यात फळ धरत नाही, फळ पोखरणारा बोरर किडाही तिथेच जास्त

घाटपल्याड
अनुभव असलेल्यांनीच लिहा, प्लीज. ओढ्याकडच्या भागात घोस भरगच्च आहेत. रस्त्याकडे एकेका घोसात चार-पाच दाणे, बाकी गळून गेले. फुलं दोन्हीकडे सारखीच आली होती. खत तेच, माती तपासली, तीही ठीक. गेल्या तोडणीला बोरर लागलेली फळंही रस्त्याकडेच जास्त निघाली. औषधाचा दुकानदार नवीन बाटली गळ्यात मारायला बसलाय, शेजारी म्हणतो झाडं म्हातारी झाली, उपटा. नक्की कशाने होतंय? लवकर सांगा, मालक रोज फोन करतात.

निवांत_नाना
कॉफी म्हणजे चिखलदऱ्याला आहात का? आम्ही तिथे जाऊन कॉफीची झाडं बघून आलोय. हवा काय सुंदर!

घाटपल्याड
नाही हो नाना. मूळचा गडहिंग्लजचा, आता कोडगूत (कुर्ग) विराजपेटजवळ कॉफीच्या मळ्यावर मॅनेजर आहे. पण जागेचा काय संबंध?

परागकण
जागेचाच तर संबंध आहे. कॉफी कुठल्या प्रकारची, अरेबिका की रोबस्टा?

घाटपल्याड
रोबस्टा. इथे खाली दुसरं काय असणार?

परागकण
ते आम्हाला ठाण्यात बसून कसं कळावं? अरेबिका स्वतःच्या परागावरही फळ धरते. रोबस्टाला स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या झाडाचाच लागतो. थोडा वाऱ्याने येतो, बाकीचा माश्या आणतात, आणि तेही फूल ताजं असतं त्या एक-दोन दिवसांत. ओढ्यापलीकडे काय आहे? रस्त्यापलीकडे काय आहे?

घाटपल्याड
ओढ्यापलीकडे देवराई. रस्त्यापलीकडे दुसऱ्याचा मळा. आमच्याकडे रस्त्याच्या अंगाला आधीच्या मॅनेजरने उंबर, फणस काढून सगळा सिल्व्हर ओक लावलाय, त्यावर मिरी चढवलीय. शेजाऱ्याचंही तेच.

रानभूल
मग झालं की! उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. कोस्टा रिकात टेलर रिकेट्स आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या मळ्यावर हेच मोजलं होतं. २००४ साली प्रसिद्ध झालं. जंगलापासून साधारण एक किलोमीटरच्या आतल्या कॉफीला २० टक्के जास्त उत्पन्न, आणि एकाच बीचे गोल दाणे २७ टक्के कमी. आग्या मोहोळाला लटकायला आडव्या जाड फांद्यांचं उंच झाड लागतं. पोयाला, म्हणजे बिननांगीच्या बारक्या माशीला, पोकळ खोड लागतं. सरळसोट सिल्व्हर ओकमध्ये त्यांनी राहायचं कुठे? रस्त्याकडे परत देशी झाडं लावा.

पेटीवाला
झाडं मोठी होईपर्यंत मालक थांबणार आहे का? सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीच्या, पेट्या आणा. आमच्याकडे महाबळेश्वर भागात पिढ्यान्‌पिढ्या पेट्यांवर घरं चालतात, मांघर तर मधाचं गाव म्हणून जाहीर झालंय. फुलोऱ्याच्या आधी पेट्या ठेवायच्या, विषय संपला.

परागकण
विषय एवढ्यात संपत नाही, दादा. दक्षिणेत नव्वदीच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या विषाणूच्या रोगाने सातेरीच्या वसाहती साफ झाल्या होत्या. आणि पेटीतली माशी कॉफीच्या दोन दिवसांनंतर खाणार काय? आजूबाजूला वर्षभर काहीतरी फुलत असेल तरच ती टिकते. म्हणजे फिरून रानभूल म्हणतात तिथेच आलो.

पेटीवाला
मी पन्नास पेट्या सांभाळतो, वाचून बोलत नाही.

सुगरण_सुलभा
विराजपेटची कॉफी म्हणजे खासच! माझ्या फिल्टरमधून डिकॉक्शन फार हळू उतरतं. पावडर जाड घ्यावी का? चिकोरी किती टक्के घालावी?

खातेदार_७१
सुलभाताई, वेगळा धागा काढा. घाटपल्याड, कॉफीतला नाही मी, सिंचनातला आहे. तुषार सिंचन किती भागावर आहे?

घाटपल्याड
ओढ्याकडे. पंप तिथेच आहे, पाइप रस्त्यापर्यंत पुरत नाहीत. ओढ्याकडे फेब्रुवारीत पाणी मारलं, रस्त्याकडचं मार्चच्या पावसावर फुललं. नेहमी असंच करतो.

परागकण
अहो, फुलं दोन्हीकडे सारखीच आली असं लिहिलंत ना!

घाटपल्याड
सारखीच आली. एकदम आली असं कुठे लिहिलं?

खातेदार_७१
मग देवराईला सगळं श्रेय देऊ नका. पावसावर फुलणारी कॉफी एका सरीनंतर आठ-दहा दिवसांनी अख्ख्या तालुक्यात एकाच वेळी फुलते. माश्या तेवढ्याच, फुलं डोंगरभर. तुमच्या वाट्याला किती येणार? ओढ्याकडची फुलं आधी उघडली तेव्हा आसपास दुसरं काही नव्हतं, सगळ्या तिथेच तुटून पडल्या असतील. शिवाय फुलोऱ्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी सर लागते. रस्त्याकडे ती वेळेवर पडली का?

घाटपल्याड
पडली, पण बरीच उशिरा. ओढ्याकडे आम्ही दुसरं पाणीही दिलं होतं.

रानभूल
पाण्याने फुलं आधी उघडतील, पण माश्या येतात देवराईतूनच ना?

खातेदार_७१
आग्यामाशी कित्येक किलोमीटर उडते, तिला ओढा काय आणि रस्ता काय! पोयाचं अंतर कमी, तिच्यापुरतं तुमचं म्हणणं मान्य. आणि कोस्टा रिकाचा तो अभ्यास अरेबिकावरचा आहे.

परागकण
भांडण्यापेक्षा तपासता येईल. पुढच्या फुलोऱ्यात रस्त्याकडच्या काही झाडांच्या एकेक फांदीला दोरा बांधा. सकाळी ओढ्याकडची नाही, तर रस्त्याकडच्याच पण दुसऱ्या झाडांची फुलं आणून त्या फांदीवरच्या फुलांच्या टोकांना घासा. त्याच झाडाची दुसरी फांदी तशीच सोडा. घासलेल्या फांदीला फळ जास्त धरलं तर पराग कमी पडतोय. दोन्ही सारख्याच गळल्या तर पाण्याकडे बघा. रस्त्याकडची रोपं बियांची की कलमांची? एकाच मातृवृक्षाची कलमं असतील तर कितीही माश्या आल्या तरी उपयोग नाही.

घाटपल्याड
बियांचीच, एस २७४ ही रोबस्टाची जुनी जात. आणि बोररचं कोणीच बोलत नाहीये.

रानभूल
त्यातही झाडांचाच हात आहे. कोस्टा रिकातच २०१३ साली आलेल्या अभ्यासात मळ्यातल्या काही झुडपांवर पक्ष्यांना येऊ न देणाऱ्या जाळ्या टाकल्या होत्या. जिथे पक्षी मोकळे होते तिथे बोररचा उपद्रव जवळजवळ निम्मा. आसपास रान जास्त, तिथे बोरर खाणारे पक्षीही जास्त.

खातेदार_७१
कोस्टा रिकाचे पक्षी विराजपेटला येणार नाहीत.

मळेकरी
मी वायनाडात आहे, उशिरा वाचलं. बोरर म्हणजे मोहरीएवढा काळा किडा, फळाच्या बेंबीशी भोक पाडून दाण्यात शिरतो. एकदा आत गेला की वरून मारलेली बाटली वाया. उलट फुलोऱ्याच्या सुमारास फवारलंत तर माश्या मरतील. भारतात तो १९९० मध्ये गुडलूरला सापडला, तेव्हापासून आम्ही एकच शिकलो: तोडणीनंतर झाडावर आणि जमिनीवर फळ राहू द्यायचं नाही. तिथेच तो पुढच्या हंगामापर्यंत राहतो. तोडणी कुठल्या बाजूला शेवटी होते? आणि वाळवणाचं खळं कुठे आहे?

घाटपल्याड
रस्त्याकडे शेवटी. खळंही रस्त्याकडेच, ट्रक तिथेच लागतो ना.

मळेकरी
मग पक्षी नंतर मोजा. ओली फळं खळ्यावर पडली की त्यातले किडे उडून शेजारच्या झाडांवर जातात. पुढच्या हंगामात रस्त्याकडची तोडणी आधी उरका, खळ्याभोवती सापळे लावा, पडलेली फळं वेचायला माणसं लावा. पलीकडच्या शेजाऱ्यालाही सांगा. तो वेचत नसेल तर तुमची मेहनत फुकट. सावलीची झाडं लावाच, पण फणस नको.

रानभूल
फणसाने काय घोडं मारलंय?

घाटपल्याड
फणस पिकला की हत्ती आत येतात. गेल्या वर्षी कुंपण, पाइप, कॉफी सगळं तुडवून गेले. उंबर, पांगारा चालेल का बघतो. दोरे बांधून ठेवेन, पण पाइपलाइन रस्त्यापर्यंत न्यायची तर मालकांना खर्च सांगावा लागेल. खातेदार, ओढ्यापासून चढ आहे. किती इंची पाइप घेऊ?

खातेदार_७१
अंतर किती, चढ किती, पंप किती एचपीचा? काहीच लिहिलेलं नाही.

पेटीवाला
पेट्या हव्या असतील तर मला मेसेज करा.