मॉइरा शिअरर : सिनेमाने तिच्यातली नर्तकी हिरावली की राखली?

तत्कार
गेल्या रविवारी माझ्या कथकच्या क्लासमधल्या मोठ्या मुलींना सदाशिव पेठेतल्या आमच्या खोलीत भिंतीवर चादर ताणून 'द रेड शूज' दाखवला. माझी एक विद्यार्थिनी, वय वीस, हिला एका मालिकेत नर्तकीचीच मुख्य भूमिका चालून आली आहे. "ताई, घेऊ का?" असं तिने विचारलं आणि मला उत्तर देता येईना. म्हणून हा चित्रपट लावला.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: १९४८ चा ब्रिटिश चित्रपट, मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर यांचा. हान्स अँडरसनच्या परीकथेत लाल बूट घातलेल्या मुलीचे पाय थांबतच नाहीत. चित्रपटातली नर्तकी त्याच गोष्टीवरचा बॅले करते, आणि नाच की नवरा या ओढाताणीत जीव गमावते. हे काम करणारी मॉइरा शिअरर खरोखरची बॅले नर्तकी, लंडनच्या सॅडलर्स वेल्स कंपनीतली. जन्म स्कॉटलंडचा, १९२६ चा. चित्रीकरण झालं तेव्हा ती जेमतेम एकवीस वर्षांची होती.

माझं मत स्पष्ट सांगते. सिनेमाने तिचा नाच खाल्ला. ती जवळजवळ वर्षभर पॉवेलला नाही म्हणत होती. शेवटी कंपनीच्या प्रमुख निनेट द व्हॅल्वा यांनीच तिला एकदाचं करून टाक म्हटलं. स्टुडिओत नाचायचं ते काँक्रीटवर. बॅलेच्या मंचाला लाकडी फळ्या असतात, खाली पोकळी असते, उडी मारून आलेलं अंग ती जमीन झेलते. काँक्रीट काही झेलत नाही, सगळा दणका घोट्यात आणि गुडघ्यात. पुढे १९५३ च्या सुमारास, सत्ताविशीत, तिने बॅले सोडला. त्याच कंपनीतली मार्गो फाँटेन तिच्याहून सात वर्षांनी मोठी, आणि ती १९६२ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, रशियन नर्तक नुरेयेवबरोबर 'जिझेल' हा बॅले नाचली. त्यानंतरही कित्येक वर्षं नाचत राहिली.

कथकमध्ये तर नर्तकीच्या हाती सलग अर्धा-पाऊण तास असतो. लय वाढत जाते, अंग तापत जातं, मग तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला बोल, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडते. चित्रीकरणात रोज पंधरा सेकंदांचे तुकडे. सम कोण आणतं? कात्री आणते. वीस वर्षांच्या मुलीला ही सवय लागली तर पुढे मंचावर तिचा दम टिकेल का?

प्रभातरोडकर
ताई, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहितो, पण हे पटलं नाही. विधी महाविद्यालय रस्त्यावर चित्रपट संग्रहालयात हा चित्रपट मी मोठ्या पडद्यावर पाहिला आहे, एकदा नाही, तीनदा.

पहिली गोष्ट, चित्रपटानंतर तिचा बॅले थांबला नाही. १९४८ मध्ये चित्रपट लागला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात फ्रेडरिक ॲश्टनच्या 'सिंड्रेला'चा पहिला प्रयोग तिने केला. इंग्रज नृत्यदिग्दर्शकाचा तो पहिला तीन अंकी बॅले. फाँटेनला दुखापत झाली म्हणून संधी आली हे खरं, पण संधी आल्यावर पेलली तिनेच. दुसरी गोष्ट, तिने बॅले सोडला त्याआधी १९५० मध्ये तिचं लग्न झालं होतं, पुढे चार मुलं झाली. शिवाय १९५४ मध्ये ती शेक्सपिअरच्या नाटकात परीराणी टिटानिया झाली. घर, मुलं, नाटक, हे सगळं बाजूला ठेवून फक्त सिनेमाला आरोपी करणं न्यायाचं नाही.

आणि कात्रीबद्दल. चित्रपटात सुरुवातीला ती एका छोट्या नाट्यगृहात 'स्वान लेक' नाचते. गिरक्या घेताना कॅमेरा एकदम तिच्या डोळ्यांचा होतो. प्रेक्षागृह गरगर फिरतं, आणि दर फेरीला त्याच एका माणसाचा चेहरा समोर येऊन थांबतो. गिरकी घेताना नजर एका जागी रोवायची असते हे तुम्ही मुलींना रोज शिकवता. प्रेक्षक म्हणून ते मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाहिलं. तिसऱ्या रांगेत बसूनही नर्तकीच्या डोळ्यांतून पाहता येत नाही. हे फक्त सिनेमाच दाखवू शकतो. तिच्या 'सिंड्रेला'चा तो पहिला प्रयोग पाहिलेले आता कितीसे उरले असतील? आणि सदाशिव पेठेत चादरीवर तुमच्या मुलींनी तिला परवा पाहिलं.

जुनी विशारद
जमिनीबद्दल ताई म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे, आणि ते पाहणाऱ्याला कधी कळत नाही. २००६ साली एका वाहिनीच्या कार्यक्रमासाठी आम्ही सहाजणी कथक केलं. सिमेंटच्या फरशीवर प्लायवूड टाकलं होतं, त्यावर चकचकीत प्लास्टिक. प्रत्येकीच्या पायात दोन्ही मिळून दोनशे घुंगरू. दिव्याची जागा चुकली म्हणून पुन्हा, पोशाखाची बाही घसरली म्हणून पुन्हा. सत्तावीस चक्करांचा, म्हणजे गिरक्यांचा, आमचा तुकडा (कथकमधली छोटी रचना) सकाळपासून संध्याकाळपर्यंत अकरा वेळा झाला. मंचावर तो एकदाच होतो, आणि त्याआधी अंग तापलेलं असतं. तिथे मधल्या तास-तासभराच्या बसण्यात ते थंड पडायचं, आणि 'चला, रेडी' म्हटलं की थेट द्रुत लय. माझा उजवा गुडघा त्या दिवशी गेला तो गेलाच. कुणी मुद्दाम केलं नाही, पण कुणी विचारलंही नाही.

आज मी शिकवते, बसून. पढंत करते, म्हणजे बोल म्हणते, हाताने ताल धरते. प्रभातरोडकर, पडद्यावरची गिरकी सुंदर असते हो. पण ती कितव्यांदा घेतलेली आहे ते पडद्यावर दिसत नाही.

लेकीची आई
माझी मुलगी अकरा वर्षं कथक शिकते आहे. मी नाचत नाही, पण पैसे मी भरते आणि रात्री तिचे पाय मी चेपते, म्हणून बोलते.

सगळ्याजणी फाँटेन होत नाहीत. ऑड्री हेपबर्नचं पाहा. तिला बॅलेच करायचा होता. युद्धाच्या काळात हॉलंडमधल्या आर्नेममध्ये शिकत होती, आणि १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात उपासमार झाली. अन्नच नव्हतं. वाढीच्या वयात शरीराची हेळसांड झाली ती झाली. १९४८ मध्ये लंडनला बॅले शिक्षिका मारी रांबेअर यांच्याकडे गेली, तेव्हा त्यांनी तिला खरं ते सांगितलं, की उंची आणि युद्धात खंगलेलं शरीर पाहता तू मुख्य नर्तकी होणं कठीण आहे. (योगायोग म्हणजे प्रभातरोडकर म्हणतात ते छोटं नाट्यगृह याच रांबेअर बाईंचं, आणि त्या प्रसंगात त्या स्वतः दिसतात.) मग ऑड्री रंगभूमीवर आणि सिनेमात गेली. १९५३ च्या 'रोमन हॉलिडे'साठी ऑस्कर मिळालं तेव्हा ती पंचविशीचीही नव्हती.

सिनेमाने तिचं काय हिरावलं, सांगा. जे हिरावलं ते युद्धाने. सिनेमाने तिला उभं राहायला जागा दिली. आणि ती मान, ती पाठ, ते चालणं, ते कुठून आलं? बॅलेतूनच ना? बॅलेच्या सरावाच्या दांडीशी घालवलेली वर्षं वाया गेली नाहीत, पडद्यावर दिसली.

ताई, रागावू नका, पण तुमच्या त्या मुलीला कथकची अलंकार परीक्षा झाल्यावर महिन्याला काय मिळणार आहे? सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये लहान मुलींचे क्लास, आणि डिसेंबरात शाळांच्या स्नेहसंमेलनांचे नाच बसवणं. हे काम हलकं नाही. पण त्यावर पुण्यात घरभाडंही सुटत नाही. मालिकेचे पैसे तिने का घेऊ नयेत?

तत्कार
रागावले नाही. पैशाचा मुद्दा मी टाळला होता, कारण त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण ऑड्रीचं उदाहरण इथे लागू होत नाही. तिला दार बंद झालं म्हणून ती गेली. माझ्या विद्यार्थिनीला दार सताड उघडं आहे. तिची विलंबित लय ऐकलीत तर कळेल. धमार तालात पाच मिनिटं नुसता ठाट आणि आमद (कथकच्या सुरुवातीचे संथ भाग) करते आणि खोलीत कुणी हलत नाही.

सम आणि खाली
मग वैजयंतीमालांचं उदाहरण घ्या ना. भरतनाट्यम शिकून सिनेमात आल्या, आघाडीच्या नायिका झाल्या, लग्नानंतर १९७० च्या सुमारास सिनेमा सोडला आणि नाच मात्र सोडला नाही. २०२४ मध्ये, नव्वदीच्या घरात, अयोध्येत नाचल्या. त्याच वर्षी पद्मविभूषण.

उलट उदाहरण लेस्ली कॅरॉनचं. रोलाँ पेतीच्या बॅले कंपनीत होती, हॉलिवुडचा नर्तक-अभिनेता जीन केली याने तिथे पाहून तिला हॉलिवुडला नेलं. १९५१ चा 'ॲन अमेरिकन इन पॅरिस' तिचा पहिला चित्रपट. पुढे तिने नाच जवळजवळ बाजूला ठेवून नुसत्या अभिनयावर नाव काढलं. 'द एल-शेप्ड रूम'मध्ये ती एकटी, गरोदर, भाड्याच्या खोलीत राहणारी बाई आहे, त्यात नाच नाही. आणि ते तिचं फार मोठं काम आहे.

म्हणजे एकीने नाच राखला, एकीने सोडला, आणि दोघींनी स्वतः ठरवलं. शिअररलाही निवड होती. १९८७ मध्ये, साठी उलटल्यावर, चित्रकार लाउरीवरच्या बॅलेसाठी ती टीव्हीवर पुन्हा नाचली. ज्याचं सगळं हिरावलं गेलं ते माणूस चौतीस वर्षांनी परत येत नाही.

जुनी विशारद
वैजयंतीमालांकडे तालीम घ्यायला घर होतं, पाठीशी आजी होती. रोज बारा-बारा तास सेटवर काढून, मग वाहतुकीतून घरी येऊन ही मुलगी रियाज कधी करणार? ठरवणं वेगळं आणि जमणं वेगळं.

प्रभातरोडकर
हे मात्र मान्य. शिअररने वर्षभर नाही म्हटलं त्यात हा हिशोब असणारच. कंपनीने तिला रजा देऊन पाठवलं आणि परत घेतलं, म्हणून पुढचा 'सिंड्रेला' झाला. नर्तकी एकटी जात नाही, तिच्यामागे परत घेणारं कुणीतरी लागतं. ताई, ते तुम्ही आहात.

तत्कार
तुमचं शेवटचं वाक्य वाचून रात्री बराच वेळ जागी होते. सिनेमात तुकडे होतात आणि तुकड्यांनी दम जातो, हे माझं मत मी बदललेलं नाही. पण तिने जाऊ नये असं म्हणायचा हक्क मला आहे असं आता वाटत नाही. तिला कळवलं आहे की क्लासची सकाळी साडेसहाची वेळ तिच्यासाठी कायम राहील, मालिका कितीही चालो. आठवड्यात दोनच दिवस जमलं तरी दोन.

करारपत्र घेऊन ती शनिवारी येणार आहे. जुनी विशारद, तुम्हीही याल का? पैशांचं लेकीच्या आईंना विचारेन. तुम्ही तिला एवढंच सांगायचं, की नाचायच्या आधी अंग तापवायला वेळ हवा आणि पायाखाली लाकूड हवं, हे आधीच कागदावर घे.

जुनी विशारद
येते. किती वाजता?