स्वतःचा टीव्ही फुकट, दुसऱ्याचा मोजून: हे नियमात बसलं कसं?

कोरीपाटी: २०१५ मध्ये अमेरिकेत नेट न्यूट्रॅलिटीचे, म्हणजे इंटरनेट कंपनीने सगळ्या साइट-सेवांना सारखंच वागवण्याचे, कडक नियम आले. त्याच वर्षी तिथल्या कॉमकास्ट या केबल-इंटरनेट कंपनीने महिना १५ डॉलरची 'स्ट्रीम टीव्ही' ही सेवा काढली. जिथे इंटरनेटला महिना ३०० जीबीची मर्यादा होती, तिथे हिचा डेटा त्यात धरला नाही, नेटफ्लिक्सचा धरला. हे चाललं कसं? आपल्या ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांत अशी पळवाट आहे का?

ध्रुवतारा: एफसीसीने, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, सरसकट बंदी तीनच गोष्टींवर घातली: साइट अडवणं, वेग मुद्दाम पाडणं, पैसे घेऊन कुणाला पुढे काढणं. डेटा न मोजण्याबाबत 'एकेक प्रकरण तपासू' एवढंच होतं. शिवाय नियम इंटरनेट सेवेपुरते. कॉमकास्टने तेच धरलं: ही सेवा इंटरनेटवरून नव्हे, आमच्याच जाळ्यातून घरी येते, म्हणून ती केबल सेवा.

हिशोब करा. एचडीला तासाला साधारण ३ जीबी, म्हणजे ३०० जीबीत १०० तास. घरात दोन टीव्ही असतील तर दिवसाला प्रत्येकी दीड-पावणेदोन तास. तेव्हा पुढच्या दर ५० जीबीला १० डॉलर पडायचे. हा भुर्दंड फक्त स्पर्धकाच्या प्रेक्षकाला बसायचा, माझ्या मते खरा अन्याय तिथे होता.

सहाकोनी: तार तीच, मोडेम तोच. केबल इंटरनेटमध्ये एकाच मोडेमला अनेक सर्व्हिस फ्लो (डेटाचे वेगवेगळे प्रवाह) देता येतात आणि प्रत्येकाचे बाइट वेगळे मोजले जातात. त्यातला कोणता आकडा मर्यादेत धरायचा, हे कंपनी ठरवते. एक्सबॉक्सवरच्या कॉमकास्टच्या एक्सफिनिटी अ‍ॅपसाठी २०१२ मध्येही 'आमच्याच जाळ्यातून' हाच युक्तिवाद झाला होता.

आपली कंपनी स्वतःच्या अ‍ॅपचा डेटा मोजते का हे पडताळायचं असेल तर घरातली बाकी उपकरणं बंद करून एक दिवस कंपनीचं अ‍ॅप सहा तास चालवा, दुसऱ्या दिवशी नेटफ्लिक्स तितकाच वेळ. अर्ध्या तासाच्या चाचणीवर भरवसा ठेवू नका. कंपनीचा डेटा-मीटर उशिरा बदलतो आणि फोनचे अपडेट मध्येच आकडा फुगवतात.

ध्रुवतारा: मार्च २०१६ मध्ये पब्लिक नॉलेज या ग्राहकहिताच्या संस्थेने एफसीसीकडे 'स्ट्रीम टीव्ही'विरुद्ध तक्रार केली. तिचा एक भक्कम आधार म्हणजे एनबीसी युनिव्हर्सल ही टीव्ही-चित्रपट कंपनी घेताना २०११ मध्ये कॉमकास्टवर घातलेली अट: डेटा मोजायचा तर स्वतःचा आणि परका सारखाच मोजायचा. पण डिसेंबर २०१७ मध्ये एफसीसीने नियमच रद्द केले. कॅलिफोर्नियाच्या २०१८ च्या कायद्याने मात्र एका प्रकारातल्या ठरावीक सेवांनाच डेटा न मोजण्याची सूट द्यायला मनाई केली.

सहाकोनी: ट्रायच्या ८ फेब्रुवारी २०१६ च्या नियमांत मजकुरानुसार डेटाचे वेगळे दर लावायला बंदी आहे. त्यातून बंद जाळ्याला सूट आहे, पण त्यातला डेटा इंटरनेटवरून येता-जाता कामा नये. शिवाय बंदी चुकवण्यासाठी ही सूट वापरली तर ती मिळत नाही. दंड दिवसाला ५०,००० रुपये, कमाल ५० लाख.

कोरीपाटी: म्हणजे सेट-टॉप बॉक्सवरचा, कंपनीच्याच जाळ्यातून येणारा आयपीटीव्ही चालेल. आणि अ‍ॅप?

सहाकोनी: तेच अ‍ॅप दुसऱ्या कंपनीच्या वायफायवर चालवून बघा. चाललं तर तिथे डेटा इंटरनेटवरूनच येतोय, मग त्या अ‍ॅपला 'बंद जाळं' म्हणणं अवघड आहे.