कार्नेशनची कटिंग्ज: कुणाची जगली, कुणाची कुजली?

आठ कटिंग्ज लावली, सात कुजली. आठवं जगलं, कारण त्याचा ग्लास पडद्यामागे राहिला आणि मी त्याला पाणी द्यायलाच विसरले. बाकीच्या सातांना रोज सकाळी न चुकता पाणी! गुलाब-जास्वंदीवर हात बसलाय, त्यात काय एवढं, असं वाटलं होतं. तर मंडळी, तुमचे अनुभव लिहा. फसलेले आधी.

खिडकीतली बाग: फांदी कुठली घेतलीस, ताई? मी पहिल्यांदा कळी असलेल्या दांड्याचा शेंडा लावला होता. कळी उमलली, मी घरभर मिरवलं, आणि मग सगळंच वाळलं. खाली एक मूळ नाही. आता फक्त फूल न धरलेले बगलफुटवे (पानाच्या बगलेतून निघालेले बाजूचे कोंब) घेते, 10-12 सेंमी.चे, पानांच्या चार-पाच जोड्या असलेले. चिमटीत धरून बाजूला वाकवून ओढलं की टक्कन सुटतात. कात्री लावतच नाही. कार्नेशनला एक विषाणू लागतो, तो रसातून पसरतो, आणि कात्री तो रस या झाडावरून त्या झाडावर नेते.

मातीचे हात: मला ते टक्कन जमत नाही, साल सोलून येते. मी ब्लेड स्पिरिटने पुसून पेराच्या लगेच खाली कापतो. कार्नेशनचं पेर फुगीर असतं, अंधारातसुद्धा बोटाला लागतं. खालच्या दोन जोड्या काढायच्या. पान मातीत गेलं की तिथूनच कुजायला सुरुवात.

अर्धवट माळी: माझी चूक प्लॅस्टिकच्या पिशवीची. इतर कटिंग्ज झाकतो तशी हीही झाकली. आठवड्यात पिशवीला आतून थेंब आणि पानांना करडी बुरशी. या पानावर निळसर राखाडी थर असतो ना, बोटाने पुसला की खालचा हिरवा दिसतो, तो मेणाचा. पान आपलं पाणी आपणच राखतं, त्याला पिशवी कशाला? आता अर्धं परलाइट (पांढरे हलके दाणे), अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). एकदा भिजवून निथळू दिलं की वरचा थर सुकेपर्यंत हात लावत नाही. उन्हाची तिरीप नको, उजेड भरपूर. तीन-चार आठवड्यांत मुळं येतात. (मी चौथ्या दिवसापासून ओढून बघत होतो. दोन त्यातच गेली.)

गच्चीवरून: पुष्पगुच्छातल्या कार्नेशनचं कुणी लावलंय?

खिडकीतली बाग: लावलंय. दांड्याच्या बगलेत बारीक फुटवे होते, ते तीन लावले, एक लागलं. दांडा ताजा असेल तरच खटाटोप कर. कटिंगला आईचाच रंग येतो. दुहेरी पाकळ्यांच्या फुलाचं बी लावलं तर काय उगवेल याची खात्री नाही.

जुनी कुंडी: माझं दुःख वेगळंच. झाड एका बाजूने पिवळं पडत होतं, म्हटलं मरायच्या आत कटिंग्ज घेऊ. सगळी लागली! मी खूश. दोन महिन्यांनी एकेक तसंच पिवळं. दांडा उभा चिरला तर आत तपकिरी रेघ. फ्युजेरियम नावाच्या बुरशीची मर, म्हणजे झाड सुकवणारा रोग. बुरशी कटिंगमधूनच आली होती, म्हणजे मी रोगाचीच रोपवाटिका केली. आजारी झाडाची आठवण म्हणून फोटो काढा, कटिंग नको.

काकूंचा कोपरा: पोरांनो, कापता कशाला? जमिनीलगतची लवचीक फांदी घ्यायची, पेराखाली तिरकी चीर द्यायची, केसाच्या आकड्याने मातीत दाबायची. दाब कलम. दीड-दोन महिने लागतात, पण मुळं येईस्तोवर आई पोसते. माझं अजून एकही फुकट गेलं नाही.

मातीचे हात: काकू, कुंडीतल्या उभ्या झाडाची फांदी वाकवणार कशी?

काकूंचा कोपरा: शेजारी दुसरी कुंडी विटेवर ठेव. सगळं मीच सांगू का?

(धागा काढणारी) काकू, तुम्हीच सांगा! माझ्या त्या एकुलत्या रोपाला आता सहा जोड्या झाल्यात. शेंडा खुडू का? जीव होत नाहीये.

काकूंचा कोपरा: खुड. नाही तर एकच काठी वाढेल. खुडलंस की बगलेतून फुटवे येतील, तीच तुझी पुढची कटिंग्ज.

खुडला. तो शेंडाही लावलाय, पडद्यामागे. आज पाणी घातलेलं नाही.