प्रतिसाद: सरकारनं काहीच केलं नाही असं नाही, पण...

वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय की सरकार समलिंगी आणि ट्रान्सजेंडर लोकांसाठी काहीच करत नाही, तर अगदीच तसं नाहीये, आपल्या बडोद्यातच २०२० च्या नोव्हेंबरात केंद्राचं गरिमा गृह सुरू झालं, निदान २५ ट्रान्सजेंडर लोकांची राहण्या-जेवणाची सोय, चालवतात लक्ष्य ट्रस्टवाले (राजपिपळ्याच्या राजघराण्यातल्या मानवेंद्रसिंह गोहिलांची संस्था, त्यांचं काम जुनं आहे). पण गे-लेस्बियन मंडळींचं काय? समलिंगी संबंध गुन्हा नाही असा कलम ३७७ वरचा सुप्रीम कोर्टाचा निकाल २०१८ चा, समलिंगी लग्नाला त्याच कोर्टानं २०२३ मध्ये नाही म्हटलं, मग ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयानं सांगितलं की जोडीदाराबरोबर जॉइंट खातं उघडता येतं, नॉमिनीही करता येतं. हे कागदावर हो. माझा मित्र बँकेत गेला तर काउंटरवरची बाई नात्याच्या रकान्यावर पेन ठेवून विचारते, "भाऊ लिहू का?" अन् मागे रांग.

आणि ह्या मंडळींना एकत्र बसायला जागा कुठंय? कमाटीबागेत किती वेळ बसणार, गार्ड येतोच. कॉर्पोरेशनचे हॉल बारशा-साखरपुड्याला देतात ना, महिन्यातून एक संध्याकाळ ह्यांनाही द्या की, भाडं घ्या हवं तर. वॉर्डात अर्ज टाकायचा असेल तर मी सही करतो, अजून कोण आहे रावपुरा-दांडिया बाजारातलं?